करून पाहिलेल्याचं लिहिणं

राळेगणसिद्धीत पहिली शाळा आली १९३२ साली. एका खोलीची, प्राथमिक. १९६२ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान करून तिला आणखी खोल्या जोडल्या. १९७१ च्या सुमारास बाराशेच्या आसपास वस्तीच्या या गावात लिहिता-वाचता येणारे पुरुष होते २९० आणि बायका ७२. प्राथमिकच्या पुढे शिकायचं तर मुलं पारनेर नाहीतर शिरूर गाठायची. मुलींचं शिक्षण गावातल्या शाळेत सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. माझ्या सासूबाई त्या ७२ जणींत नव्हत्या. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात त्यांच्या माहेरून आलेली जुनी पत्रं वाचायला दिली होती. तोवर त्या ती दुसऱ्यांकडून वाचून घेत.

मी पारनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली आणि राहिले इथंच, राळेगणात. या गावाच्या पाण्याबद्दल, बंधाऱ्यांबद्दल, उपोषणांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. खेड्यातल्या मास्तराला आपल्या कामाचं वाचायला कुठून मिळत आलं? ते त्यानं शोधलं कसं आणि त्यातलं खरं ओळखलं कसं? नव्यानं सेवेत आलेली मुलं-मुली मला विचारतात, ‘मॅडम, इंटरनेटवर शिक्षणाचं एवढं पडलंय, त्यातलं वाचायचं कोणतं?’ या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या तालुक्याच्या आणि या गावाच्या मागच्या इतिहासात सापडतं, म्हणून तो सांगते.

आमच्या जिल्ह्याला शिक्षणाचा वारसा जुना आहे. अमेरिकन मराठी मिशननं नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. तिथं सिंथिया फरार बाईंकडे सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. नगरातूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघू लागला. मास्तरांसाठीचं नियतकालिक मात्र पुण्याहून आलं. ‘मराठी शालापत्रक’ १८६१ मध्ये सुरू झालं ते शिक्षण खात्याच्या आधारानं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते चालवलं आणि १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री पाहू लागले. संस्कृत कवींवरचे विष्णुशास्त्र्यांचे गाजलेले लेख आधी याच मासिकात आले. आडगावच्या शाळामास्तराच्या हाती बाण आणि भवभूती पडत होते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पण मासिकाची मालकी खात्याची होती. विष्णुशास्त्र्यांची लेखणी सरकारवर आणि मिशनऱ्यांवर चालू लागली तशी खात्याची मर्जी उतरली आणि १८७५ मध्ये ‘शालापत्रक’ बंद झालं. विष्णुशास्त्र्यांनी १८७४ मध्येच स्वतःच्या जबाबदारीवर ‘निबंधमाला’ काढली होती, म्हणून त्यांचा आवाज थांबला नाही. मास्तरांचं मासिक मात्र गेलं. या हकिगतीतून दोन गोष्टी मनाशी धराव्यात असं मला वाटतं. एक, वरून आलेलं छापील पान वरच्याची मर्जी असेतोवरच येतं. दुसरी, तिथली वाट एकेरी होती. लिहिणारा पुण्याचा विद्वान आणि वाचणारा गावचा मास्तर. चार इयत्ता एका खोलीत बसवून शिकवणाऱ्या माणसानं दुसऱ्या तसल्याच माणसाला आपला अनुभव सांगायचा, ही दुसरी वाट पडायला फार काळ जावा लागला.

ती वाट कशी पडते हे मला राळेगणनं दाखवलं, आणि तेही शाळेत नाही, शिवारात.

अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून गावी परत आले. सैन्यात असताना दिल्लीच्या रेल्वे स्टेशनवर विवेकानंदांचं एक पुस्तक हाती लागलं आणि जगण्याची दिशा मिळाली, असं ते सांगत आले आहेत. पण पाणलोटाचं काम त्यांनी पुस्तकातून उचललं नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला होता. ते काम पाहून, समजून घेऊन राळेगणात माती अडवायला, पाणी जिरवायला सुरुवात झाली. पुढे नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारच्या लोकांनी राळेगण पाहिलं आणि १९८९ नंतर आपलं गाव उभं केलं. १९९२ मध्ये राज्य सरकारनं आदर्श गाव योजना आणली ती राळेगणच्याच नमुन्यावर. म्हणजे आधी एका गावानं करायचं, दुसऱ्यानं जाऊन पाहायचं, आणि सरकारी कागद निघायचा तो या सगळ्यानंतर.

शाळेचंही तसंच झालं. १९७६ मध्ये गावात बालवाडी सुरू झाली. १९७९ मध्ये संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली आणि माध्यमिक शाळा उभी राहिली. इमारतीसाठी चार लाखांचं सरकारी अनुदान मिळालं आणि हात गावकऱ्यांचे लागले. दोनशे मुलांचं वसतिगृह झालं. इतरत्र नापास झालेल्या, शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना या शाळेनं जवळ केलं. १९८२ मध्ये गावातली पहिली मुलगी दहावी पास झाली. शाळा आल्यापासून त्या दिवसापर्यंत पन्नास वर्षं गेली होती. शाळेची खोली आणि मुलीची दहावी यांच्यात किती अंतर असतं, ते या दोन सालांवरून कळावं.

त्यानंतर गाव पाहायला माणसं येऊ लागली. नगर-पुणे रस्त्यावर वाडेगव्हाणला गाडी वळायची आणि राळेगणात उतरायची. शेतकरी, सरपंच, अधिकारी, शिक्षकांच्या सहली. मी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलंय. बहुतेक जण यादवबाबांच्या देवळापुढं उभे राहून फोटो काढायचे आणि जायचे. थोडे मात्र बंधाऱ्यावर उकिडवे बसायचे, पिचिंगचा दगड हातानं हलवून बघायचे आणि विचारायला लागायचे. पहिल्या पावसात फुटला होता का? दगड कुठून आणला? चराईबंदी केली तेव्हा शेळ्यावाल्यांनी ऐकलं का, नाही ऐकलं तर काय केलं? सासूबाई अंगणातून हे ऐकायच्या. म्हणायच्या, ‘बघून जाणारे लई, करणारे थोडे. जो फुटल्याचं इचारतो ना, तो घरी जाऊन करणार.’ लिहिता न येणाऱ्या त्या बाईचं हे वाक्य मी पुढं वाचनाला लावलं. आजतागायत मला त्याहून चांगली कसोटी मिळालेली नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा शिक्षकाला वाचायला मिळणारं मोजकंच होतं. शाळेत ‘जीवन शिक्षण’ यायचं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघत होतं. ते मुलांसाठी असलं तरी आम्ही शिक्षक त्यातून गोष्टी, कोडी, परिपाठाचा मजकूर काढायचो. पुण्याहून १९८७ पासून निघणाऱ्या ‘पालकनीती’चा एखादा अंक कुणाच्या तरी पिशवीतून यायचा. पुढं ‘शैक्षणिक संदर्भ’ही पाहायला मिळालं. गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ आणि ‘तोत्तोचान’ ही पुस्तकं इतक्या हातांतून फिरलेली असायची की कव्हर उरलेलं नसायचं.

पण रोजच्या उपयोगाचा खरा ठेवा वेगळाच होता, तो म्हणजे हातानं लिहिलेल्या वह्या. आमच्या केंद्रात एक ज्येष्ठ गुरुजी होते. पहिलीच्या मुलांना अक्षरओळख कोणत्या क्रमानं करून द्यायची, जोडाक्षरं कधी घ्यायची, हे त्यांनी दोनशे पानी वहीत लिहून ठेवलं होतं. प्रत्येक पानाच्या कडेला लाल शाईत शेरे होते. ‘हे चाललं नाही.’ ‘सुगीच्या दिवसांत घेऊ नये, हजेरी नसते.’ ‘ऊसतोडीची मुलं परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.’ केंद्रसंमेलनाला ती वही यायची आणि आम्ही दुपारच्या सुट्टीत ती उतरवून घ्यायचो. पारनेरला झेरॉक्सची सोय झाल्यावर तिच्या प्रती निघाल्या. दुःख असं की बऱ्याच प्रतींत लाल शेरे उमटलेच नाहीत. फिकट शाई मशीननं सोडून दिली. पुढच्या शिक्षकाच्या हाती नुसता क्रम पडला, त्यामागची खटपट गळाली. शिक्षकांच्या वाचनाचा पुढचा सगळा इतिहास मला त्या दोन प्रतींत दिसतो, एक शेऱ्यांसह आणि एक शेऱ्यांशिवाय.

१ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आला. प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या. आकारिक, संकलित, श्रेणी हे सगळं नवं होतं. याच सुमाराला गावोगावी मोबाईलवर इंटरनेट पोचत होतं आणि मराठी टंकलेखनाची कटकट कमी होत होती. त्याआधी एकाच्या संगणकावर श्रीलिपीत टाइप केलेलं दुसऱ्याकडे उघडलं की नुसते चौकोन आणि चिन्हं दिसायची. युनिकोड रुळलं आणि नगरच्या शिक्षकानं लिहिलेलं नांदेडच्या शिक्षकाला जसंच्या तसं दिसू लागलं. ब्लॉगरवर पान काढायला पैसे लागत नव्हते. दोन-तीन वर्षांत जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे ब्लॉग जागोजाग उगवले.

ती पानं कशी दिसायची हे पुढच्यांना कळावं म्हणून लिहून ठेवते. वर शाळेचा नाहीतर शिक्षकाचा फोटो. त्याखाली उजवीकडून डावीकडं सरकणारी ओळ, ‘आपले सहर्ष स्वागत आहे’. बाजूच्या रकान्यात लांबलचक यादी: शासन निर्णय, दिनविशेष, परिपाठ, कवितांचे ऑडिओ, नवोदय, शिष्यवृत्ती सराव, निकालपत्रकाची एक्सेल फाइल, शालेय पोषण आहाराचा हिशेब, वर्णनात्मक नोंदी. खाली भेट देणाऱ्यांचा आकडा, तो वाढताना पाहून लिहिणाऱ्याला हुरूप यायचा. या माणसांना कुणी पगार देत नव्हतं. दिवसभर वर्ग सांभाळून रात्री ती बसत होती. शासन निर्णय निघाला की तो गावच्या शाळेपर्यंत कार्यालयातून पोचायच्या आधी एखाद्या शिक्षकाच्या ब्लॉगवर दिसायचा. हजारो शिक्षकांचं काम त्यांनी हलकं केलं. शिक्षणाच्या इतिहासात त्यांची नोंद व्हायला हवी, हे मी मनापासून म्हणते.

सगळ्यात जास्त वाचलं गेलं ते ‘वर्णनात्मक नोंदी’चं पान. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘गटकार्यात सहभाग घेतो.’ शेकडो तयार वाक्यं. ती उतरवली की रजिस्टर भरायचं. पण मूल त्यात कुठंच नसायचं. तीच वाक्यं पारनेरच्या मुलाला आणि पालघरच्या मुलाला लागू पडत होती, म्हणजे खरं तर कुणालाच पडत नव्हती. ही झेरॉक्सचीच प्रत होती, लाल शेरे गळालेली.

त्याच वेळी दुसरंही लिहिलं जात होतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं वर्ग बदलले. फरशीवर आखलेल्या तक्त्यांवर बसून मुलं आपापली शिकताना दिसू लागली. महाराष्ट्रभरातून शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याला संदीप गुंड यांनी आदिवासी पाड्यावर डिजिटल शाळा उभी केली, तीही लोक पाहून आले. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, तेव्हा जिवंत उदाहरणं आधीच उभी होती. आम्हाला जवळ पडायची ती शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढं बालभारतीनं ती कल्पना राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत आणली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतली निम्मी त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. राळेगणनं शिवारात घालून दिलेली रीत शाळांतही चालली: आधी कुणीतरी करतं, मग बाकीचे जाऊन पाहतात.

प्रत्येकाला कुमठ्याला किंवा पाष्टेपाड्याला जाता येत नाही. जे पाहून आले किंवा ज्यांनी आपल्या वर्गात करून पाहिलं, त्यांचं लिहिणं म्हणजे आम्हा न जाऊ शकणाऱ्यांची सहल होती. असं एक पान मी तिसरीला शिकवत असताना वाचलं. विषय साधाच होता, हातच्याची वजाबाकी. लिहिणाऱ्या शिक्षकानं तारीख आणि पट दिला होता. तुराट्या तोडून काड्या केल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधले. आणि पुढं त्यानं लिहिलं होतं की पहिल्या दिवशी पाठ फसला, कारण गठ्ठे त्यानं स्वतः बांधले होते. मुलांना गठ्ठा ही एक अखंड वस्तू वाटत होती, ती सोडायला त्यांचा हात धजत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं मुलांनाच काड्या मोजून गठ्ठे बांधायला लावले आणि रबराऐवजी दोऱ्याची सुरगाठ मारायला शिकवली, ओढली की सुटणारी. शेवटी लिहिलं होतं, तीन मुलांना अजून येत नाही, त्यांच्यासाठी काय करावं ते कुणाला माहीत असेल तर सांगा.

मी ते माझ्या वर्गात केलं. बावन्नातून सत्तावीस. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलं थांबली. एका मुलीनं माझ्याकडं पाहिलं, एका गठ्ठ्याची सुरगाठ ओढली आणि म्हणाली, ‘बाई, आता बारा सुट्या झाल्या.’ हातचा घेणं म्हणजे काय हे तिला मी सांगितलं नव्हतं, ते तिच्या बोटांनी शोधलं. त्या अनोळखी शिक्षकानं पाठ फसल्याचं लिहिलं नसतं तर माझेही गठ्ठे रबर लावून, मीच बांधलेले राहिले असते.

म्हणून नव्या शिक्षकांना मी सांगते, शिक्षणाचं लिहिणारा माणूस निवडताना बंधाऱ्यावर उकिडवं बसून विचारावं तसं विचारा. यानं हे कोणत्या वर्गात केलं? पटावर मुलं किती होती? साहित्य कुठून आणलं, त्याला पैसे किती पडले? काय फुटलं? दुसऱ्याकडून घेतलं असेल तर त्याचं नाव दिलंय का? ज्या पानावर फुटल्याची नोंद नाही, ते पान कितीही देखणं असलं तरी फोटो काढून जाणाऱ्यांपैकी समजा. शासन निर्णय शोधायला, फॉर्म उतरवायला ते वापरा, पण शिकवायला त्याच्यावर विसंबू नका.

कुठून सुरुवात करावी हेही सांगते. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली विज्ञानाची खेळणी आणि जमवलेली हजारो पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यांत मराठी पुस्तकंही भरपूर. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी मुलांसोबत वर्षानुवर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं प्रत्येक खेळणं आधी मुलांच्या हातातून गेलेलं आहे. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनं खुले केले आहेत. एखाद्या नोंदीची खात्री करायला मराठी विश्वकोश आहे. हा झाला पाया. त्यावर एक शिक्षक शोधा, ज्याची इयत्ता तुमची आहे, ज्याच्या गावचं हवामान आणि हंगाम तुमच्यासारखा आहे, जिथं सुगीला हजेरी तुमच्यासारखीच घटते. त्याचं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. वर्षागणिक त्याचं मत बदलत गेलेलं दिसलं तर तो माणूस धरून ठेवावा. दहा जणांचं वरवर चाळण्यापेक्षा एकाचं असं वाचलेलं अधिक कामी येतं. आणि जमलं तर त्याला फोन करा, त्याची शाळा पाहून या. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर निघालात तर पन्नास कोसांवरची शाळाही रविवारपर्यंत पाहून होते, निदान गाव आणि शिक्षक भेटतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला चालवली, दीक्षा ॲपवरचं साहित्य मोबाईलवर आलं, आणि सगळा व्यवहार व्हॉट्सॲपच्या गटांत शिरला. त्या दिवसांत त्याची गरज होती. पण तेव्हापासून शिक्षकांचे ब्लॉग ओस पडत गेले. लिहिणारे निवृत्त झाले, काहींनी व्हिडिओ सुरू केले. कित्येक पानं आता उघडत नाहीत. गटात आलेला मजकूर दोन दिवसांत वर सरकून जातो, तो कुणी केला, कुठं केला हे उरत नाही. ‘शालापत्रक’ सरकारनं बंद केलं, तरी त्याचे अंक ग्रंथालयांत सापडतात. २०१२ ते २०२० च्या शिक्षकांनी रात्री जागून लिहिलेलं मात्र कुठल्याच कपाटात नाही. ते कुणी बंद पाडलेलं नाही, सांभाळायला कुणी नाही म्हणून ते जातंय.

ते अजून वाचवता येईल. प्रत्येक केंद्रशाळेनं आपल्या केंद्रातल्या शिक्षकांचे ब्लॉग शोधावेत, त्यातले करून पाहिलेले पाठ छापून फाइलला लावावेत, लिहिणाऱ्याचं नाव आणि साल घालून. केंद्राच्या शिक्षण परिषदेत महिन्याला त्यातला एक पाठ वाचला जावा आणि दुसऱ्या शिक्षकानं तो आपल्या वर्गात करून पुढच्या महिन्यात काय झालं ते सांगावं. नव्या शिक्षकानं वर्षातून एक पान तरी लिहावं, आणि त्यात फसलेला दिवस गाळू नये. यासाठी वेगळा निधी लागत नाही, नवा शासन निर्णयही लागत नाही. राळेगणात १९६२ मध्ये शाळेच्या खोल्या वाढल्या त्या गावकऱ्यांनी मनावर घेतल्यामुळे. शिक्षकांचा हा ठेवाही शिक्षकांनीच मनावर घेतला तर राहील.